बर्फातला ओंडका

जळगाव, १४ मार्च १९३७

लीलाधर यास,

आशीर्वाद लिहावा की नाही, यात अर्धा तास गेला. लिहिला असं समज.

हे पत्र मी माझ्या मनानं लिहीत नाही. आई समोर बसली आहे. तिला अक्षर वाचता येत नसलं तरी ओळी मोजता येतात, आणि निदान दोन पानं भरल्याशिवाय उठू नकोस असा हुकूम आहे.

चार वर्षांत तुझी एक चिठ्ठी नाही, आणि परवा एकदम तिच्या नावानं पाकीट! आत एक फोटो. फोटोमागं ‘आईस. श्रीनगर.’ एवढंच. कसा आहेस, काय खातोस, कुठे राहतोस, काही नाही. इंदिरा म्हणाली, “दोघे भाऊ एका मातीचे. एक बोलून घालवतो, एक न बोलून.” तुझी वहिनी हल्ली फार बोलायला लागली आहे.

आईनं फोटो दारात उजेडाला नेला. तळं, तळ्यापलीकडे डोंगर, काठावर पानं झडलेली सरळसोट झाडं, आणि जिकडे तिकडे बर्फ. बराच वेळ पाहून तिनं मला विचारलं, “येमा रंग कथा शे?” मी म्हटलं, आई, फोटोत रंग नसतो. तिला ते पटेना. तिच्या मनानं घेतलंय की तुझ्या गावालाच रंग नाही, आणि अशा ठिकाणी तिचा पोरगा चार वर्षं कसा राहिला म्हणून तिनं डोळ्यांना पदर लावला. मग डोळे पुसून मला म्हणाली, तू एवढा ड्रॉइंग मास्तर, शाळेत पोरांना वांगी नि तांबे काढायला शिकवतोस, मग हे मला रंगवून दे. मोठं. दारासमोर लावायचंय.

म्हणजे भरल्या घरात ‘फोटो काढणं म्हणजे नुसती कळ दाबणं’ असं बोललेला मी, आता तुझ्याच फोटोवरून जलरंगात चित्र करणार. हस. नूर महंमद तर हसलाच. तुझा पत्ता त्याच्याकडेच निघाला. चार वर्षं हा माणूस आपल्या घरच्या तसबिरींना काचा बसवतोय आणि पत्ता खिशात! मी चिडलो तर म्हणतो, “मास्तर, तुमने पूछा कब?”

कामाचं तेवढं विचारतो. मी बर्फ पाहिलेला नाही. बर्फावर सावली पडते ती कोणत्या रंगाची? पाणी कोणत्या रंगाचं? आकाश? पोस्टकार्ड पुरे.

आणि आबांच्या फोटोची ती निगेटिव्हची काच पुन्हा उकरून काढायची नाही. ती माझ्या हातून निसटली, हे मी तेव्हाच शपथेवर सांगितलं आहे.

चुडामण

जळगाव, ४ एप्रिल १९३७

लीलाधर यास,

तुझं कार्ड मिळालं. ‘सावली निळी. पाणी शिशासारखं. आकाश वर काळवंडलेलं, खाली उजळ.’ संपलं! अरे, तारेचे पैसे शब्दाला पडतात, कार्डाचे नाहीत. आईनं विचारलं काय लिहितो, तर मी माझ्या पदरचं घालून वाचलं: प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होतं, आईची आठवण येते. खोटं निघालं तर पाप तुझ्या माथी.

पण निळी सावली! वीस वर्षं मी पोरांना सावली काळ्या-तपकिरी रंगात शिकवतोय. कार्ड वाचून मी म्हटलं, हा चेष्टा करतोय. मग आपल्या अंगणातल्या चुन्याच्या भिंतीवर निंबाची सावली पडते ती सकाळी नीट पाहिली. निळसर आहे रे! चाळीस वर्षं त्या भिंतीला टेकून दात घासले आणि हे दिसलं नाही.

कागद ओला करून बोर्डावर ताणून घेतला. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत हे तुला ठाऊक आहे. पांढरं हवं तिथं कागदच कोरा सोडायचा. म्हणजे हे चित्र रंगवायचं नाहीच, सोडत जायचंय. मला सोडायची सवय नाही. ब्रश हातात आला की हात शिवशिवतो. काठावर उगाच दोन फटकारे मारून बसलो आणि बर्फाचा चिखल झाला.

आईला तर हा सगळा आळशीपणा वाटतो. रोज येऊन बघते आणि म्हणते, “बठ्ठं कोरंच शे! कधी रंगवशी?”

तिचं दुसरं एक वेड सांगतो. फोटोत डाव्या हाताला, काठाला लागून, एक काळा ठिपका आहे. बाजरीच्या दाण्याएवढा. आई त्यावर बोट ठेवून म्हणते, “हाऊ मना लीला शे.” मी भिंग लावून दाखवलं की हा तोडलेल्या झाडाचा ओंडका आहे. ना हात, ना पाय, ना मुंडी. ती म्हणते, “तुना डोया फुटनात का?” म्हातारपण, दुसरं काय.

इंदिरेनं तुला खुशाली कळवायला सांगितलं आहे. कळवली.

चुडामण

जळगाव, ९ मे १९३७

लीलाधर यास,

तुझ्या गावाला बर्फ पडतो म्हणून तू मोठा शहाणा. इथे येऊन एक वॉश टाकून दाखव!

ऊन असं की कावळेसुद्धा बोलत नाहीत. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंग, ओल्या कागदावर वरून खाली एका दमात उतरवायचा असतो. मी वरची कड रंगवून खाली येईस्तोवर वरचं वाळून खडखडीत, मध्ये काठ पडलेला. असे दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर वावटळीनं धूळ आणून टाकली आणि काश्मीरच्या आकाशात आमच्या गावच्या जिनिंगमधला कापूस चिकटला. मी ब्रश भिंतीवर फेकला. निळा डाग अजून आहे. इंदिरा तो पाहुण्यांना दाखवते.

आता पहाटे उठतो. दाराखिडक्यांना ओली गोणपाटं, बोर्डाखाली ओलं गोणपाट, माझ्या डोक्यावर ओला पंचा. इंदिरा गोणपाटांवर पाणी शिंपडते आणि विचारते, “काश्मीर आलं का?”

परवा नूर महंमदनं शक्कल काढली. म्हणाला, मास्तर, फोटो बघून थंडी कळणार नाही, माल समोर हवा. स्टेशनवरच्या सोडावाल्याकडून त्यानं लाकडाच्या भुशातली बर्फाची लादी आणली. ती परातीत ठेवून आम्ही दोघं दोन बाजूंनी वाकून बघत बसलो. कडेला हिरवट झाक, चिरेत निळं, जिथं ऊन लागतं तिथं चक्क पिवळं! मी घाईघाईनं रंग टिपत होतो. एवढ्यात आई आली. तिला वाटलं, पाहुण्यांसाठी आणलीय. मी ‘अगं, अगं’ करेपर्यंत तिनं पाटा-वरवंट्यानं लादी फोडली आणि कैरीचं पन्हं करून आळीभर वाटलं. मीही दोन पेले प्यायलो. राग कुणावर काढणार?

पण लीलाधर, त्या लादीनं माझं काम झालं. या आठवड्यात आकाश उतरलं. वर काळं, खाली उजळत आलेलं, मध्ये कुठं काठ नाही. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

एक विचारायचं होतं. तो काळा ठिपका ओंडकाच आहे ना? की बसलेली म्हैस वगैरे? आई रोज भांडते. तुझ्या हातचं एक अक्षर आलं की ती गप्प बसेल.

काल आई भिंतीवरच्या आबांच्या चित्रासमोर उभी होती. तेच, मी काढलेलं. आबांच्या तेराव्याच्या दिवशी तुझा फोटो आणि माझं चित्र शेजारी शेजारी ठेवलं होतं, आणि धुळ्याच्या मंडळींनी फोटोला हात जोडून म्हटलं, “आबा आता बोलतील,” आणि माझ्या चित्राकडे वळून विचारलं, “हे कोण, मामा का?” आई चार वर्षं नवरा म्हणून त्या मामाला नमस्कार करते आहे. फोटोची छापलेली प्रत एकच होती, ती तू नेलीस. दुसरी काढायला काच उरली नाही. असो. हे मी कशाला लिहितोय कुणास ठाऊक. उन्हामुळं डोकं ताळ्यावर नाही.

चुडामण

जळगाव, ६ जून १९३७

लीलाधर यास अनेक आशीर्वाद,

झालं! चित्र पुरं झालं! इतकं बरं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही, आणि स्वतःची स्तुती करणारा मूर्ख असतो हे ठाऊक असूनही लिहितो.

पाणी शिशासारखं उतरलं. त्यात झाडांची प्रतिबिंबं जरा हलती ठेवली. बर्फ म्हणशील तर कागद जसाच्या तसा, हात लावला नाही. सावल्या निळ्या, त्यातही दूरच्या फिक्या. शाळेत नेलं तर हेडमास्तर चष्मा काढून पाहत राहिले आणि खांद्यावरचं उपरणं घट्ट गुंडाळून घेतलं. जून महिन्यात! मला आणखी काय पाहिजे?

गावातली सगळीच मंडळी काही हेडमास्तर नाहीत. पाचोऱ्याहून तोताराममामा आले होते. पंधरा मिनिटं पाहून म्हणाले, “कपाशी चांगली फुटलीय. पण पाण्याला इतकी चिकटून कुणी पेरली? मुळं सडतील.” मी म्हटलं, मामा, हा बर्फ. ते म्हणाले, “असेल. पण वेचणीला आला आहे.” जाताना पुन्हा दारातून वळून सांगून गेले की पुढच्या वर्षी जरा वरच्या अंगाला पेरायला सांग.

आणि ओंडका! तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मी माझ्या मतानं केला. काय सांगू, जीव ओतला. साल सोललेली, एका बाजूला शेवाळ, माथ्यावर बर्फाची टोपी, कुऱ्हाडीचे दोन घाव. नूर महंमद काच बसवताना म्हणाला की सगळ्या चित्रात हा लकडा बोलतो.

आई मात्र रुसली आहे. ओंडक्याकडे पाहून म्हणाली, “मना पोऱ्याले लाकूड करी टाकं.” तेव्हापासून चित्राकडे पाठ करून बसते. ज्या माणसासाठी काढलं तोच बघत नाही. तू एकदा लिहून टाक ना की तो ओंडका आहे.

तुझा भाऊ
चुडामण

जळगाव, ११ जुलै १९३७

प्रिय लीला,

तुझं कार्ड परवा आलं. मी शाळेतून आलो, पायातली वहाणही काढली नव्हती, उभ्यानं वाचलं. ‘तो ओंडका नव्हे, मी आहे. पायघोळ फिरन घातलं होतं, आत पोटाशी निखाऱ्याची कांगडी धरून, पाय दुमडून बसलो होतो. मी काम करतो त्या स्टुडिओच्या मालकानं फोटो काढला. आईला सांगू नकोस, थंडीची काळजी करील.’

मी उंबऱ्यातच खाली बसलो. इंदिरेला वाटलं, काही बरंवाईट कळलं. धावत आली.

लीला, मी तीन महिने भिंगातून तुझ्याकडे पाहत होतो. रोज. दाण्याएवढा होतास, पण होतास. आणि मी तुला साल काढली, शेवाळ लावलं, कुऱ्हाडीचे घाव घातले, आणि शाळेत मिरवलं! आईला भिंग लागलं नाही. तिनं दारात एकदा पाहिलं आणि ओळखलं.

मला लाज वाटली, आणि ती अजून वाटते आहे. कारण हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. तुझं मी काहीच कधी नीट पाहिलं नाही. तू आबांचा फोटो काढलास तेव्हा मी तो पाहिला नाही, लोक तो पाहताहेत एवढंच पाहिलं.

आता लिहितो. ती काच निसटली नव्हती. मी फोडली. तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे जेवत होते, काच खिडकीत वाळत ठेवल्यासारखी उभी होती. मी ती उचलली, उजेडात धरली. आबा काळ्याचे पांढरे नि पांढऱ्याचे काळे दिसत होते, तरीही आबाच दिसत होते. आणि माझे आबा कुणाचे तरी मामा झाले होते. मी ती फरशीवर आपटली. तू धावत आलास आणि विचारलंस, “भाऊ, तू फोडलीस?” मी आईच्या समोर आबांची शपथ घेतली की निसटली. तू दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेलास. मी स्टेशनवर आलो नाही.

हे तुझ्याआधी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगून संपवलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, आणि माझ्या थोबाडीत दिली. अशी की कानात घंटी वाजली! बेचाळीस वर्षांचा घोडा मी, दोन पोरांना शाळेत घातलेला, इंदिरेच्या देखत. मग सूप पुन्हा मांडीवर घेऊन म्हणाली, “आते हाईच लिख त्याले.” तसं लिहिलं आहे. ती आता समोर बसलेली नाही. ओळी मोजायला कुणी नाही.

खरं सांगू? मार बसल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी रात्रीच्या जेवणात दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसरा कागद ताणला आहे. जलरंगात काळं पुसून निघत नाही. पुन्हा पहिल्यापासून, आकाशापासून. आता पाऊसपाणी आहे, हवा ओलसर, वॉश निवांत उतरतो. तुला मात्र अजून काढलेलं नाही. तेवढीच जागा कोरी सोडली आहे. फिरन कोणत्या रंगाचं होतं? टोपी होती का? तोंड तळ्याकडे होतं की आमच्याकडे?

तू ये, असं म्हणायचा हक्क मला नाही. पण म्हणतो. ये रे. कानबाईचा सण महिन्यावर आला आहे.

चुकलेला
भाऊ

जळगाव, २५ जुलै १९३७

चि. लीलास, पोटाशी धरून आशीर्वाद,

पत्र मिळालं. पत्र! कार्ड नव्हे, चार पानं! पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी पाचवीच्या वह्या तपासत होतो. तशीच लाल शाई सांडली. पोरांना सगळ्यांना पास केलं.

तू लिहिलंस, ‘काच तू फोडलीस हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. काचेचा राग नव्हता, भाऊ. काच काय, माझ्याकडच्या प्रतीवरून दुसरी करता येते. तू आबांची शपथ घेतलीस, म्हणून गेलो.’ हे मी तीनदा वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. या वेळी पदरचं काही घालावं लागलं नाही, उलट मीच काही गाळलं. ते इंदिरेनं पत्र ओढून घेऊन वाचलं.

‘कानबाईला येतो’ हे वाक्य आईनं पाच वेळा वाचायला लावलं. मग ते कुठल्या ओळीत आहे ते बोटानं दाखवायला लावलं. आता पत्र तिच्याकडे आहे. जो येईल त्याला ती ओळ दाखवते. परवा उलटं धरून दाखवत होती, पण बोट बरोबर जागी होतं.

नूर महंमदला सांगितलं तर तो दुकानातून उठून आला, मला मिठी मारली, आणि दुसऱ्या क्षणी म्हणतो, “आता पत्ता मेरे कू परत देव, मास्तर.”

तुझं फिरन राखाडी, कड तपकिरी, टोपी लोकरीची, तोंड आमच्याकडे. ठीक आहे, काढलं आहे. शेवटी नाक काढताना ब्रश जरा जास्त भरला होता, म्हणून ते आपल्या आबांसारखं जरा जाड झालं आहे. तुला शोभतं. पाण्यातल्या प्रतिबिंबांत चूक आहे म्हणतोस, झाडं इतकी लांब पडत नाहीत म्हणतोस. न बघताच! बरं, चूक काढायला का होईना, ये. मी फ्रेम करायची थांबवली आहे. आई आता चित्रापुढून हलत नाही. तुझ्यावर बोट ठेवते आणि कागदाला तेलकट डाग पडतो. पडू दे.

आता नीट ऐक. रावळपिंडीला गाडी बदलताना सामानाकडे लक्ष ठेव. भुसावळला पॅसेंजर मिळाली तर तीच घे, मेलची वाट बघू नकोस. या वेळी मी स्टेशनवर असेन. दोन्ही गाड्यांना असेन.

पंधरा ऑगस्टला रविवारी कानबाई बसेल. रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू आईनं आत्ताच निवडायला घेतले आहेत. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, तुला माहीत आहे. तू गेल्यावर दर वर्षी तुझी सव्वा मूठ तीच टाकायची, आणि रोट घराबाहेर द्यायचा नाही, उरवायचा नाही, म्हणून तुझ्या वाटणीचा रोट मी खायचो. चार वर्षं तो मला घशाखाली उतरला नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

काल ती मोजायला बसली. माझी सव्वा मूठ टाकली, दोन्ही पोरांची टाकली. मग हात थांबला. मी म्हटलं, आई, लीलाची राहिली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गालावर हात ठेवला. म्हणाली, “त्याना गहू तो येईसन टाकी.” आणि मोजलेले गहू तसेच डब्यात भरून वर ठेवून दिले. इंदिरा विचारते, मग दळायचे कधी? आई दाराकडे बघते.

कानबाईच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत पोच, बाबा. दळण थांबलं आहे.

तुझाच,
भाऊ